गच्चीवरचा ‘हमिंगबर्ड’ आणि अनंतावरची शिंगवाली अळी : नागपूरच्या नवख्या बागप्रेमींसाठी मार्गदर्शक

पहिल्या दोन-चार पावसांनंतरची ती एक संध्याकाळ होती. गच्चीवरच्या इक्सोराच्या कुंडीपाशी हवेत एकाच जागी थांबून फुलांतला मध पिणारा एक हिरवट जीव शेजारच्या काकूंना दिसला आणि त्यांनी मला हाक मारली, “अगं, लवकर ये, हमिंगबर्ड आलाय!” मी धावत गेले, दोन-तीन अस्पष्ट फोटो काढले आणि ते मोठ्या कौतुकाने साऱ्या नातेवाइकांना पाठवले. पुढच्याच आठवड्यात आमच्या अनंताच्या शेंड्याकडची पाने दोन रात्रींत नाहीशी झाली. फांदीवर बोटभर लांबीची, शेपटाकडे काटा असलेली हिरवी अळी दिसली आणि मी घाबरून एका कृषी केंद्रातून मिळेल ते कीटकनाशक आणून फवारले. अळ्या मेल्या. शेजारच्या कुंडीतला कढीपत्ता मात्र महिनाभर स्वयंपाकात वापरता आला नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इक्सोराखाली मधमाश्या मरून पडलेल्या होत्या.

ज्याचे फोटो मी सर्वांना पाठवले होते, त्याचीच पिल्ले मी मारली होती, हे मला पुढच्या पावसाळ्यात कळले. तो जीव पक्षी नव्हता, तर हॉक मॉथ या कुळातला पतंग होता, आणि अनंतावरची अळी हे त्याचेच बालरूप होते. दरवर्षी पावसाळ्यात ओळखीचे लोक मला अशाच पक्ष्याचे आणि अशाच अळीचे फोटो पाठवतात, परंतु या दोहोंचा संबंध बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोठे हात आवरावा, हे येथे लिहून ठेवत आहे.

लागणारे साहित्य

यातले बहुतेक साहित्य घरातच सापडते.

- विजेरी, शक्यतो पांढऱ्या प्रकाशाची
- जुनी वर्तमानपत्रे किंवा पांढरे कागद
- लहान कात्री आणि रबरी हातमोजे
- झाकणाचा रुंद डबा आणि तो झाकण्यासाठी मलमलीचा तुकडा
- मोबाइल आणि एक वही
- निंबोळ्या, साधा साबण आणि फवारणीचा छोटा हातपंप. यांची गरज पडेलच असे नाही

कीटकनाशकाची बाटली या यादीतून मी जाणूनबुजून वगळली आहे.

१. आधी पाहुणा पक्षी आहे की पतंग, हे ठरवा

हमिंगबर्ड हे पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात. भारतात ते नाहीत, त्यामुळे नागपुरात कोणी हमिंगबर्ड पाहिल्याचे सांगितले, तर ते एक तर शिंजीर असते, नाही तर हॉक मॉथ.

शिंजीर म्हणजे आपला छोटा सूर्यपक्षी. जांभळा शिंजीर महाराजबागेपासून सेमिनरी हिल्सपर्यंत आणि घरोघरच्या जास्वंदीवर सहज दिसतो. तो सुमारे १० सेंटिमीटर लांब असतो, त्याला बाकदार चोच असते, तो सतत चिवचिवतो आणि मध पिताना बहुधा देठावर किंवा फांदीवर बसतो. हवेत थांबलाच, तर तो क्षणभरच थांबतो.

पतंग याच्या उलट वागतो. तो फुलावर बसत नाही, हवेत तरंगत राहतो आणि त्याच्या तोंडापासून फुलापर्यंत केसासारखी बारीक सोंड गेलेली दिसते. फूल सोडताना ही सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते. डोक्यावर दोन मिशा दिसल्या की शंकेला जागाच उरत नाही, कारण मिशा पक्ष्याला नसतात.

डोळ्यांनी ठरत नसेल, तर मोबाइलमधला स्लो मोशन वापरावा. या गटातल्या ज्या पतंगावर युरोपात बराच अभ्यास झाला आहे, तो सेकंदाला सुमारे ७० ते ८० वेळा पंख हलवतो. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलमध्ये पंखांच्या एका फेरीची जेमतेम तीन चित्रे मिळतात, परंतु सोंड आणि मिशा ओळखण्यास तेवढी पुरतात.

फसगत झाली म्हणून ओशाळून जाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात अॅमेझॉनच्या जंगलात वर्षानुवर्षे काम केलेले हेन्री वॉल्टर बेट्स हे निसर्ग अभ्यासक होते. पक्षी समजून आपण अशा पतंगावर अनेकदा बंदूक चालवली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. एकाचे रूपांतर दुसऱ्यात होते, अशी तिथल्या लोकांची ठाम समजूत होती, हेही त्यांनी नोंदवले आहे.

२. पतंग कोणता, यावरून झाड ओळखा; झाड कोणते, यावरून पतंग

या टप्प्यावर घाई करू नये, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे. प्रत्येक जातीची मादी ठरावीक वनस्पतींवरच अंडी घालते आणि अळीही तीच पाने खाते. त्यामुळे अळी कोणत्या झाडावर सापडली, एवढे नीट सांगता आले, तरी निम्मे काम झालेले असते.

*अनंत.* दिवसाढवळ्या उडणारा, हिरवट अंगाचा, पोटाभोवती तांबूस पट्टा असलेला आणि काचेसारख्या पारदर्शक पंखांचा पतंग म्हणजे सेफोनोडीस हायलास. आमच्या इक्सोरावर आलेला तो हाच. कोषातून बाहेर पडताना त्याच्या पंखांवरही इतर पतंगांसारखे खवले असतात, पण पहिल्या उड्डाणातच ते झडून जातात आणि पंख आरपार दिसू लागतात. त्याच्या अळ्या अनंत, गेळा आणि कॉफी या एकाच कुळातल्या झाडांवर वाढतात. कॉफीवरूनच त्याला इंग्रजी नाव मिळाले आहे. आपल्या शहरात त्याची भूक अनंतावर भागते.

*बारतोंडी आणि तिच्या कुळातल्या वनस्पती.* दिवसा किंवा सांजवेळी उडणारा, तपकिरी अंगाचा, शेपटाशी केसांचा पंखा पसरणारा लहान पतंग मॅक्रोग्लॉसम या गटातला असतो. हमिंगबर्डसारखा दिसणारा म्हणून जगभर जो प्रसिद्ध आहे, तो याच गटातला.

*तगर, सदाफुली, कण्हेर, सातवीण.* यांवर वाढतो तो डॅफ्निस नेरी. हिरव्या, गुलाबी आणि पांढुरक्या छटांच्या नक्षीमुळे त्याचे पंख संगमरवरासारखे दिसतात. आपल्याकडे अनेक घरी जिला चांदणी म्हणतात, त्या तगरीवर पावसाळ्यात याच्या अळ्या हमखास सापडतात. माझ्या अनुभवाने नागपुरात नवख्या माणसाला भेटणारी पहिली शिंगवाली अळी बहुधा हीच असते.

*तीळ, वांगी, वाल.* यांवर येणारी अळी सर्वांत मोठी, हाताच्या मधल्या बोटाहून जाड असू शकते. तिच्या अंगावर तिरके पट्टे असतात, शिंग खडबडीत असून वळलेले असते आणि डिवचल्यास ती जबड्यांचा टक-टक आवाज करते. तिचा पतंग अॅकेरॉन्शिया या गटातला असून त्याच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते. त्या खुणेमुळे आणि हातात धरल्यावर तो चक्क चीं-चीं करतो यामुळे लोक त्याला अशुभ मानतात. प्रत्यक्षात तो रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

*रताळे आणि गारवेल.* यांवर अॅग्रियस कॉन्व्हॉल्व्युलाय हा करड्या रंगाचा, पोटाच्या बाजूंना गुलाबी पट्टे असलेला मोठा पतंग वाढतो. याची सोंड अंगापेक्षाही लांब असते. हिवाळ्याच्या तोंडावर बुचाच्या झाडाखाली सकाळी जो लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, त्या फुलांच्या अरुंद नळीच्या तळाशी असलेल्या मधापर्यंत अशा सोंडेच्या पतंगांनाच पोहोचता येते. ती फुले रात्री उमलतात आणि सुगंधी असतात, ते याच पाहुण्यांसाठी.

*तेरडा, अळू, द्राक्षाचा वेल आणि कुंपणालगत आपोआप उगवणारी घेटुळी.* यांवर थेरेट्रा आणि हिप्पोटिऑन या गटांतल्या अळ्या असतात. त्यांच्या अंगाच्या पुढच्या भागावर डोळ्यांसारखे गोल ठिपके असल्याने त्या छोट्या सापासारख्या भासतात.

३. अळी शोधताना वर नव्हे, खाली पाहा

अनंताची किंवा तगरीची पाने शेंड्याकडून नाहीशी होत आहेत, फक्त देठ आणि मधल्या शिरा उरल्या आहेत आणि तरीही अळी दिसत नाही, अशी तक्रार फार वेळा ऐकू येते. याचे कारण असे की या अळ्यांचा हिरवा रंग पानाशी बेमालूम मिसळतो आणि त्या बहुधा पानाच्या खालच्या बाजूला किंवा देठाला समांतर, हालचाल न करता चिकटून बसलेल्या असतात. अंगाचा पुढचा भाग उचलून डोके आत वळवून बसण्याच्या याच सवयीमुळे या कुळाला इजिप्तमधल्या स्फिंक्स या पुतळ्याचे नाव मिळाले आहे.

म्हणून अळीऐवजी तिच्या लेंड्या शोधाव्यात. त्या मिऱ्याच्या दाण्याएवढ्या, पिंपाच्या आकाराच्या असून त्यांवर उभ्या खाचा असतात. ताज्या लेंड्या हिरवट आणि ओलसर, तर जुन्या काळ्या आणि कोरड्या असतात. संध्याकाळी कुंडीभोवती वर्तमानपत्र पसरून ठेवावे, सकाळी ज्या जागी ताज्या लेंड्या पडलेल्या असतील, तेथून सरळ वर पाहावे आणि एक-एक फांदी हलकेच वळवून पानांची खालची बाजू तपासावी. कुंडी गच्चीच्या कठड्यावर असेल, तर वाऱ्याने कागद उडतो. चारही कोपऱ्यांवर खडे ठेवावेत.

रात्री विजेरी घेऊन शोधणे अधिक सोपे जाते. प्रकाश बाजूने टाकावा, समोरून टाकू नये. बाजूच्या प्रकाशात पानाची सपाट कड आणि अळीचे गोलसर अंग यांतला फरक सावलीमुळे उघड होतो. ही युक्ती हाती लागण्यापूर्वी मी एकाच तगरीभोवती तीन रात्री घातल्या होत्या आणि चौथ्या रात्री त्याच झाडावर पाच अळ्या सापडल्या.

एक सापडली म्हणून थांबू नये. मादी एका पानावर एकेक सुटे अंडे घालत जाते, त्यामुळे त्याच झाडावर निरनिराळ्या वयाच्या अळ्या असू शकतात. अंडी मोहरीपेक्षा थोडी मोठी, गोलसर आणि फिकट हिरवी असतात. कोवळी पाने उलटून पाहिल्यास ती दिसतात.

४. ती शिंगवालीच आहे ना, याची खात्री करा

शिंग म्हणजे शेवटाकडच्या भागावर, पाठीवर उभा असलेला एकच मऊ काटा. तो डंख मारत नाही, त्यात विष नसते आणि तो टोचतही नाही. लहान वयात तो अंगाच्या मानाने लांब असतो. काही जातींत, विशेषतः तगरीवरच्या अळीत, मोठेपणी तो आखूड आणि पिवळसर होतो, त्यामुळे लांब शिंग दिसले नाही म्हणून गोंधळू नये. या अळीच्या पुढच्या भागावर निळ्या-पांढऱ्या रंगाचे दोन मोठे डोळे असतात. ते खरे डोळे नव्हेत. भक्ष्य शोधणाऱ्या पक्ष्याला दचकवण्यासाठी आहेत. तिला हात लावला की ती डोके आत ओढून हे ठिपके फुगवते.

आता ज्या अळ्यांमुळे गल्लत होते, त्यांच्याविषयी.

नागपुरात ज्या घरी जागा आहे त्या घरी लिंबाचे किंवा संत्र्याचे एखादे तरी झाड असते, आणि त्यावरची गुळगुळीत हिरवी अळी लोक सर्रास शिंगवाली समजतात. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठेपणी हिरवी होते. तिला शेपटाकडे शिंग नसते. उलट डिवचल्यावर डोक्यामागून दुहेरी, लालसर शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. शिंग मागे की पुढे, एवढे पाहिले तरी निकाल लागतो.

केसाळ सुरवंट हा वेगळाच प्रकार आहे. अंगभर केस किंवा काटेरी झुबके असतील, तर त्याला उघड्या हाताने मुळीच स्पर्श करू नये, कारण काहींच्या केसांनी कातडीची आग होते. हॉक मॉथच्या अळ्यांना असे केस नसतात.

तिसरी गल्लत टोमॅटोची आहे आणि ती बहुतांशी इंटरनेटने करून दिलेली आहे. शिंगवाली अळी असा शोध घेतला की सर्वप्रथम टोमॅटोवरची अळी येते, तिच्यावरचे उपाय येतात, आणि आपले लोक टोमॅटोची रोपे उलथीपालथी करू लागतात. ती माहिती मॅन्ड्युका या अमेरिकेतल्या गटाविषयी असते आणि तो पतंग भारतात नाही. आपल्याकडे टोमॅटोच्या फळाला गोल छिद्र पाडून आत डोके खुपसून बसलेली जी अळी आढळते, ती घाटे अळी किंवा फळ पोखरणारी अळी असते. हरभऱ्यावर आणि कापसावर तीच येते. तिचे उपाय निराळे आणि तिच्यामुळे होणारे नुकसानही कितीतरी मोठे.

५. काही करण्याआधी नुकसान मोजा

उष्ण हवामानात अंड्यातून अळी काही दिवसांतच बाहेर येते, साधारण अडीच-तीन आठवडे खाते आणि मग झाड सोडून खाली उतरते. या काळात ती चार वेळा कात टाकते. महत्त्वाची गोष्ट अशी की तिच्या एकूण खाण्यापैकी बहुतांश खाणे शेवटच्या कात टाकण्यानंतरच्या काही दिवसांत होते. म्हणूनच आदल्या दिवशीपर्यंत काहीच नव्हते आणि एका रात्रीत झाड उघडे पडले, असे वाटते. याचाच दुसरा अर्थ असा की, बोटाएवढी जाड अळी दिसते, तेव्हा तिचे काम जवळजवळ आटोपलेले असते. त्या वेळी फवारणी केल्याने पाने परत येत नाहीत.

तगर, कण्हेर किंवा जुना अनंत जमिनीत लावलेला असेल, तर दोन-चार अळ्यांनी त्याचे काहीही बिघडत नाही. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत नवी पालवी येते आणि छाटणी केल्यासारखे झाड दाट होते. अशा झाडावर मी आता काहीच करत नाही.

परंतु आठ इंची कुंडीतले या वर्षीचे अनंताचे रोप, वांग्याची चार-पाच पानांची रोपे किंवा फुलावर आलेला तेरडा यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याजवळ मोजकीच पाने असतात आणि एक अळीसुद्धा ती संपवू शकते. तेथे हस्तक्षेप करावा.

शेतातल्या तिळाविषयी हा लेख नाही. त्यासाठी नागपूरच्या कृषी महाविद्यालयातल्या किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या जाणकारांचा सल्ला घ्यावा.

६. हाताने वेचा

घरच्या बागेसाठी यापेक्षा चांगला उपाय मला आजवर सापडलेला नाही. अळ्या मोठ्या असतात, संख्येने थोड्या असतात आणि पळून जात नाहीत.

अळीला धरून ओढू नये. तिचे मागचे पाय फांदीला इतके घट्ट पकडून असतात की ओढल्यास तिचे अंग फाटते आणि हिरवा द्रव उडतो. ती ज्या पानावर किंवा काडीवर बसली आहे, ती काडीच कात्रीने कापून डब्यात टाकावी. घाबरल्यावर ती तोंडावाटेही हिरवट द्रव ओकते. तो अपायकारक नसला, तरी कपड्यावर डाग पडतो.

कण्हेरीच्या बाबतीत मात्र विशेष काळजी घ्यावी. धोका अळीचा नसून झाडाचा आहे. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात, म्हणून हातमोजे घालूनच काडी कापावी, नंतर हात साबणाने धुवावेत आणि कापलेली पाने लहान मुलांच्या किंवा घरातल्या जनावरांच्या वाटेत टाकू नयेत. तगरीचा चीकही डोळ्यात जाऊ देऊ नये.

वेचलेल्या अळ्यांचे काय करायचे, हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे. मी त्या त्याच जातीच्या मोठ्या झाडावर नेऊन सोडते. आमच्या वसाहतीच्या मागे तगरीची जुनी रांग आहे. ते शक्य नसेल, तर साबणाच्या पाण्यात टाकल्यास त्या मरतात. भलत्याच झाडावर सोडणे मात्र दयेचे काम नव्हे: अनंतावरची अळी जास्वंदीवर सोडली, तर ती उपाशी मरते.

वेचताना एखाद्या अळीच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले, तर तिला तेथेच राहू द्यावे. ते परजीवी गांधीलमाशीचे कोष असतात. ती अळी आता फारसे खाणार नाही, आणि त्या कोषांतून बाहेर पडणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतील. बुलबुल, साळुंक्या आणि भारद्वाजही आपला वाटा उचलतात.

७. फवारणी करावीच लागली, तर

रोपे बरीच असतील आणि अळ्या नखाएवढ्या लहान असतील, तरच हा विचार करावा.

पहिली निवड निंबोळी अर्काची. पावसाळ्याच्या तोंडावर कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तेव्हा त्या गोळा करून सावलीत वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून त्यात पाणी घालून एकूण एक लिटर करावे आणि साबणाचा किंचित चुरा मिसळावा. हा शेतकऱ्यांना परिचित असलेला पाच टक्के अर्क होय. तो त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावा. अळी लगेच मरत नाही. तिचे खाणे आणि वाढ मंदावते. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून अर्क दुप्पट करणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. त्याने कोवळी पाने करपू शकतात.

दुसरी निवड बीटी या जिवाणूवर आधारित पावडरीची. ती पानाबरोबर अळीच्या पोटात जावी लागते, लहान अळ्यांवर चांगली लागू पडते आणि उन्हात तिचा प्रभाव लवकर ओसरतो, म्हणून तीही संध्याकाळीच फवारावी. मात्र तिला पतंगाची अळी आणि फुलपाखराची अळी यांत फरक कळत नाही. शेजारच्या लिंबावर फुलपाखराच्या अळ्या असतील, तर ती कुंडी आधी बाजूला ठेवावी.

रासायनिक कीटकनाशकाच्या वाटेला घरच्या बागेत जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही कोणी दुकानात गेलेच, तर बाटलीवरचा त्रिकोण पाहावा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. शेतातल्या कापसासाठी असलेली बाटली सुटी करून, लेबल नसलेल्या शिशीत कोणी देऊ लागल्यास ती घेऊ नये. माझ्या हाती अशीच शिशी पडली होती. २०१७ मध्ये आपल्या जवळच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भात कोणाला नव्याने सांगायला नको. चार कुंड्यांसाठी तसला धोका घराच्या गच्चीवर आणण्याचे काहीच कारण नाही.

८. अळी पाळून पतंग पाहायचा असेल, तर

घरात मुले असतील, तर हे जरूर करावे. तगरीवरची अळी यासाठी सर्वांत सोयीची.

डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरावे, अळी तिच्या काडीसकट आत ठेवावी आणि तोंडावर मलमल बांधावी. त्याच जातीच्या झाडाची ताजी पाने रोज द्यावीत. रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेर धूळ, धूर आणि कधी फवारणी यांमुळे टाळावी. आत पाण्याची वाटी ठेवू नये, कारण अळीला पाणी पानांतूनच मिळते आणि वाटीत ती बुडते. कागद रोज बदलावा. ही कटकट वाटते खरी, पण ओलसर लेंड्या साचल्या की रोग येतो. अळी मलूल होऊन काळी पडली आणि उलटी लटकून मेली, तर ती विषाणूची लागण समजावी, तिला पुरून टाकावे आणि डबा साबणाने धुऊन उन्हात वाळवल्याखेरीज पुन्हा वापरू नये.

एके दिवशी अळी खाणे सोडते, तिचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी होते आणि डब्यात सैरावैरा फिरू लागते. ती आजारी आहे असे समजून अनेक जण तिला याच वेळी बाहेर फेकतात. प्रत्यक्षात ती कोष करण्यासाठी जागा शोधत असते. तगरीवरच्या अळीला कोरड्या पानांचा थर पुरतो. वांग्यावरच्या आणि रताळ्यावरच्या अळीला मात्र वीतभर भुसभुशीत, जराशी ओलसर माती हवी, कारण ती जमिनीत शिरून कोष करते. नागपूरची काळी माती यासाठी गैरसोयीची: वाळली की ती दगडासारखी घट्ट होते. कुंडीतली खतमिश्रित माती किंवा कोकोपीट वापरावे.

कोष झाल्यावर तो उकरून पाहण्याचा मोह आवरावा. दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येतो. थंडीत याहून बराच अधिक वेळ लागू शकतो. त्याआधीच डब्यात एक-दोन खडबडीत काड्या तिरक्या टेकवून ठेवाव्यात. बाहेर आलेला पतंग त्यांवर चढून पंख लोंबकळत सोडतो आणि मगच ते पसरून वाळतात. गुळगुळीत डब्यात चढायला जागा मिळाली नाही, तर पंख चुरगळलेलेच राहतात आणि तो कधीच उडू शकत नाही. माझा पहिला पतंग असाच वाया गेला. पंख वाळल्यावर रात्री उडणाऱ्या जाती अंधार पडताना, तर अनंतावरची जात सकाळी सोडावी.

९. कुंड्यांची माती बदलताना

आपल्याकडे कुंड्यांची माती बहुधा उन्हाळ्याआधी किंवा पावसाळ्याच्या तोंडावर बदलली जाते, आणि त्या वेळी मातीत बोटभर लांबीचा, चकचकीत तपकिरी, टोकदार कोष सापडतो. त्याला कोणी खजुराची बी समजते, तर कोणी मुळे खाणारी हुमणी समजून ठेचते. हुमणी पांढरी, मऊ आणि इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असते. कोष कडक असतो आणि हातात घेतल्यावर त्याचे टोक वळवळते. रताळ्यावरच्या जातीचा कोष तर सुरईच्या कानासारख्या बाकदार मुठीवरून लगेच ओळखता येतो. त्या मुठीत भावी पतंगाची लांब सोंड घडत असते.

असा कोष सापडल्यास दुसऱ्या कुंडीत तितक्याच खोलीवर आडवा ठेवून वरून माती ढकलावी आणि त्या कुंडीला बेताचे पाणी द्यावे. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपाशी जातो, तेव्हा ती कुंडी कठड्यावर न ठेवता कुलरच्या आडोशाला ठेवावी.

१०. नोंद ठेवा

वहीत चारच गोष्टी लिहाव्यात: तारीख, झाड, अळीचा रंग आणि शिंगाचे रूप. दोन पावसाळ्यांत आपल्या गच्चीचे वेळापत्रक हाती येते. आमच्याकडे तगरीवरच्या अळ्या जुलैच्या मध्यापासून दिसू लागतात आणि सप्टेंबरात त्यांची दुसरी फळी येते, त्यामुळे तगरीची नवी रोपे मी आता ऑक्टोबरपर्यंत आणतच नाही.

फोटो काढताना अळीच्या बाजूचा एक, शेपटाकडचा एक आणि झाडाच्या पानाफुलांचा एक, असे तीन काढावेत. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर असे फोटो टाकल्यास जाणकार ओळख पटवून देतात, पण झाडाचा फोटो नसेल तर तेही अडतात. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंगांच्या नोंदी घेण्याचा उपक्रम २०१२ पासून चालतो, आणि तो नेमका आपल्या पावसाच्या दिवसांत येतो. गच्चीवर पांढरी चादर टांगून तिच्यासमोर दिवा लावला, तर रात्री उडणारे हॉक मॉथ त्यावर येऊन बसतात. अंबाझरीच्या बाजूला राहणाऱ्यांकडे झाडोऱ्यामुळे पाहुणे अधिक येतात; आमच्या भागात तीन तासांत दोन आले, तरी काकू चहा घेऊन थांबलेल्या असतात. नोंदी झाल्यावर दिवा आठवणीने बंद करावा, कारण दिवा जळत राहिला तर ते पतंग पहाटेपर्यंत चादरीवरच अडकून पडतात आणि उजाडल्यावर साळुंक्यांच्या तोंडी जातात.